शॅडो फाइट ३ : लीजन, डायनेस्टी की हेराल्ड्स? आधी कोणती लढाई हाताला बसवायची

दूध डेअरीच्या कट्ट्यावर, एसटी स्टँडच्या शेडमध्ये, नाहीतर रात्री शेतीची लाइट येईपर्यंत बांधावर बसलेली पोरं मोबाईल आडवा धरून दोन्ही अंगठे नाचवताना दिसली, की समजायचं गेम चालू आहे. मारामारीचे जे गेम पोरं खेळतात त्यात ‘शॅडो फाइट ३’ हा एक. गेम फुकट उतरवता येतो, म्हणून हात सगळ्यांचाच पोहोचतो. खरी अडचण पुढं सुरू होते. गेममध्ये लढण्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धती आहेत. नवीन पोरगा तिन्ही थोड्या थोड्या करून बघतो, मिळालेली नाणी तिन्हीकडं वाटून टाकतो आणि पंधरा दिवसांत अशा जागी अडकतो की जिंकताच येत नाही. मग एकतर गेम काढून टाकतो, नाहीतर घरच्यांच्या खात्यातून पैसे टाकून सामान विकत घेतो. ही दुसरी गोष्ट घरोघरी भांडणं लावणारी आहे. म्हणून सुरुवातीला कोणती पद्धत धरावी, हा प्रश्न वाटतो तेवढा पोरखेळाचा नाही.

आधी ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘नेक्की’ नावाच्या कंपनीचा हा गेम २०१७ साली मोबाईलवर आला. समोरासमोर दोन लढवय्ये, हातात शस्त्र, अंगावर चिलखत, आणि ठरलेल्या वेळात समोरच्याला लोळवायचं. स्क्रीनच्या डाव्या बाजूला दिशा देण्याचा गोल, उजव्या बाजूला वार, लाथ वगैरेची बटणं. नुसतं बटण दाबलं तर साधा वार. पुढं, मागं, वर किंवा खाली अशी दिशा धरून तेच बटण दाबलं तर वेगळा वार. खाली धरून लाथ मारली की समोरच्याच्या पायात बसते. गेमच्या नावात ‘शॅडो’ म्हणजे सावली आहे, कारण लढता लढता एक शक्तीची पट्टी भरत जाते आणि ती भरली की आपला गडी काही क्षण काळ्या सावलीसारखा होऊन खास वार करतो.

गेमच्या गोष्टीत या सावलीच्या शक्तीवरूनच तीन गटांचं वैर आहे. लीजनवाल्यांना ती शक्ती नष्ट करायची आहे, डायनेस्टीवाल्यांना ती आपल्या भल्यासाठी वापरायची आहे आणि हेराल्ड्सवाल्यांना ती आहे तरी काय हे शोधून काढायचं आहे. गोष्ट ज्याला आवडते त्याने वाचावी. पण पद्धत निवडताना गोष्टीतला कोणता गट चांगला वाटतो ते बघायचं नाही. आपला हात, आपला मोबाईल आणि आपला खिसा बघायचा.

लीजन : जड, पण सांभाळून घेणारी

लीजन म्हणजे सैन्यातल्या जवानांसारखी लढाई. अवजड चिलखत, दोन्ही हातांनी धरायची मोठी तलवार, मोठी कुऱ्हाड. वार संथ असतो. बटण दाबल्यापासून कुऱ्हाड खाली येईपर्यंत नव्या पोराला वाटतं मोबाईल अडकला की काय. पण तो वार बसला की समोरच्याच्या पट्टीतला मोठा लचका जातो, आणि मोठ्या शस्त्राचा पल्ला लांब असल्यामुळं समोरच्याच्या फार जवळही जावं लागत नाही.

ज्याने मारामारीचा गेम याआधी कधी खेळलाच नाही त्याच्यासाठी हीच पद्धत बरी. कारण साधं आहे. संथ शस्त्र माणसाला विचार करायला लावतं. बटणं बडवून उपयोग होत नाही, कारण एक वार फुकट गेला की आपण तेवढा वेळ उघडे पडतो आणि समोरचा दोन वार घालतो. दोन-चार वेळा असा मार खाल्ला की पोरगा आपोआप थांबायला शिकतो. समोरच्याचा वार चुकवायचा, अंतर मोजायचं, मग आपला घालायचा. तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी खडाखडी करायला लावतात, एकदम ढाक मारायला शिकवत नाहीत. इथंही तसंच आहे. अंतर एकदा कळलं की ते पुढं कुठल्याही शस्त्राला कामी येतं.

दुसरं कारण मोबाईलचं. गावात सगळ्यांकडं महागडे मोबाईल नाहीत. स्क्रीनवर जाड काच चिकटवलेली, कोपऱ्याला तडा गेलेला, मेमरी लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली. अशा मोबाईलवर बोट लावल्यापासून वार होईपर्यंत क्षणभर उशीर होतो. पटापट चार बटणांची साखळी लावायची असेल तर हा उशीर मारतो. एकच मोठा वार वेळ साधून घालायचा असेल तर तो सांभाळून घेता येतो.

लीजनची खोट अशी, की चपळ गडी समोर आला की तो मागं जाऊन उभा राहतो आणि आपली कुऱ्हाड हवेत फिरत राहते. तेव्हा नवीन पोरगा चिडून आणखी जोरात बटणं दाबतो आणि आणखी उघडा पडतो. त्या वेळी बटणावरून बोट उचलायचं आणि मागं सरायचं. मागं सरताना बरेचसे वार आपला गडी आडवतो.

डायनेस्टी : दिसायला भारी, हाताला अवघड

पोरांना आवडते ती ही. उड्या, गिरक्या, दोन हातांत दोन तलवारी, नाहीतर साखळीने जोडलेल्या दोन दांड्या, म्हणजे नंचाक. नंचाक हे मुळात जपानच्या दक्षिणेला असलेल्या ओकिनावा बेटांवरचं हत्यार. ब्रूस ली याच्या सिनेमांमुळं ते जगभर माहीत झालं. समोरचा सावरायच्या आत तीन-चार वार बसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं खेळणारा मोठा पटाईत आहे.

पहिल्या काही लढतींत डायनेस्टी सोपीसुद्धा वाटते, आणि गोम तिथंच आहे. सुरुवातीचे प्रतिस्पर्धी मुद्दाम ढिले ठेवलेले असतात. बटणं बडवली तरी ते पडतात. पोराला वाटतं हात बसला. पण प्रत्यक्षात त्याला काहीच आलेलं नसतं. पुढचा तगडा प्रतिस्पर्धी वारांची साखळी मध्येच आडवतो आणि एकाच फटक्यात अर्धी पट्टी खाली आणतो. नंचाकसारख्या शस्त्राचा पल्ला आखूड असतो, म्हणजे मारायला जवळ जावंच लागतं, आणि जवळ गेलं की मार खाण्याची तयारी हवी. वर चपळ पद्धतीचा एकेक वार हलका. समोरच्याला पाडायला जास्त वेळा अचूक मारावं लागतं, आणि जेवढे वार जास्त तेवढ्या चुकाही जास्त.

तरीही ज्याचा हात मुळातच चालतो, ज्याने दुसरे मारामारीचे गेम खेळलेले आहेत आणि ज्याचा मोबाईल अडखळत नाही, त्याने डायनेस्टी धरायला हरकत नाही. फक्त एक करावं. बटणांचा पाऊस पाडण्याऐवजी दोन वारांची एकच साखळी निवडावी, ती मारून लगेच मागं सरावं. पाच-सहा दिवस तेवढंच. तिसरा वार नंतर जोडावा. हे सांगितलेलं कुणी ऐकत नाही, ते सोडा.

हेराल्ड्स : थांबून मारणाऱ्यांची

हेराल्ड्स हा गट हुशारीचा. कटाना म्हणजे जपानी पद्धतीची किंचित वाकलेली तलवार, नागिनाता म्हणजे लांब दांड्याला लावलेलं पातं, अशी त्यांची शस्त्रं. समोरच्याला चकवून त्याची चूक होईपर्यंत वाट बघायची, असा हा प्रकार. यात लीजनएवढा जडपणा नाही आणि डायनेस्टीएवढी घाईही नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्याला ही पद्धत बेचव वाटते. लीजन खेळून अंतराचा अंदाज आलेल्याला मात्र ती आवडू लागते. लांब दांड्याचं शस्त्र मिळालं तर लीजनमधून इकडं येणं सोपं जातं, कारण लांबून मारायची सवय आधीच झालेली असते.

नाणी एकाच वाफ्यात सोडा

कोणती पद्धत धरली यापेक्षा धरलेली किती दिवस टिकवली, याला जास्त किंमत आहे. याचं कारण गेमच्या हिशोबात आहे.

या गेममध्ये शस्त्र, चिलखत, शिरस्त्राण आणि फेकायचं शस्त्र अशा चार जागा असतात. सामान पत्त्यांसारखं मिळतं. लढती जिंकून किंवा पेटी उघडून. पेटीत काय निघेल ते आधी सांगता येत नाही. तेच शस्त्र पुन्हा मिळालं की पहिल्याची ताकद वाढवता येते, आणि त्याला नाणी लागतात. सामान साध्यापासून फार दुर्मिळपर्यंत वेगवेगळ्या प्रतीचं असतं. खास डाव आणि खास गुण देणारे पत्तेही मिळतात, पण ते बरेचसे त्या त्या गटाच्या सामानाला जोडलेले असतात. म्हणजे लीजनचा चांगला डाव हाताशी आहे आणि हातात डायनेस्टीचं शस्त्र आहे, तर तो डाव नुसता पडून राहतो.

आता हिशोब बघा. एका पोराने आठवडाभर मिळालेली सगळी नाणी लीजनच्या एका तलवारीवर आणि एका चिलखतावर लावली. दुसऱ्याने तेवढीच नाणी तिन्ही गटांच्या सहा वस्तूंवर वाटली. आठवड्यानंतर दोघांसमोर तोच प्रतिस्पर्धी आला, तर पहिल्याला तो बरोबरीचा वाटेल आणि दुसऱ्याला डोंगराएवढा. खेळण्यात दुसरा कमी नाही, त्याचं पाणी सहा वाफ्यांत गेलं एवढंच.

एखादी वस्तू दुसऱ्या गटाची असली म्हणून टाकून द्यायची गरज नाही. हा गेम मिसळ करू देतो, लीजनची तलवार आणि हेराल्ड्सचं शिरस्त्राण एकाच गड्यावर चालतं. अचानक चांगल्या प्रतीचं चिलखत निघालं तर जरूर घालावं. फक्त ताकद वाढवायची नाणी मुख्य शस्त्राच्या गटाबाहेर सहसा जाऊ देऊ नयेत. शस्त्र बदललं की हाताची सवय पहिल्यापासून लावावी लागते. चिलखत बदललं तर हाताला काही फरक पडत नाही.

भिंत लागते तेव्हा

काही दिवस सरळ जिंकत गेल्यावर एक लढत येते जी दहा वेळा खेळूनही सुटत नाही. इथं बहुतेक जण म्हणतात, ‘पद्धतच चुकली, दुसरी घेऊ.’ थांबा. लढत सुरू होण्याआधी ती सोपी आहे की अवघड हे गेमच दाखवतो. ती फार अवघड दाखवत असेल तर याचा अर्थ आपल्या सामानाची ताकद कमी आहे. पद्धत बदलून ही ताकद वाढत नाही, उलट नव्या पद्धतीचं कच्चं सामान घातल्यामुळं ती आणखी घटते. अशा वेळी आधीच्या सोप्या लढती पुन्हा खेळून नाणी आणि पत्ते जमवणं हाच रस्ता. लढत सोपी किंवा मध्यम दाखवत असताना हरत असाल तर मात्र हात कच्चा आहे, आणि त्यालाही पद्धत बदलणं हा इलाज नाही.

ही भिंत काही चुकून लागत नाही. फुकट गेम बनवणाऱ्यांची कमाई इथंच असते. पोरगा जिथं वैतागतो नेमकं तिथं रत्नांची पिशवी आणि पेट्या विकायला ठेवलेल्या असतात. आणि पेटी विकत घेतली तरी तिच्यात आपल्या पद्धतीचंच सामान निघेल याची खात्री नाही. लीजन खेळणाऱ्याला डायनेस्टीच्या दांड्या निघतात, मग तो दुसरी पेटी घेतो. तिन्ही पद्धतींत हात घातलेल्या पोराला तर प्रत्येक पेटीत काहीतरी उपयोगाचं निघाल्यासारखं वाटतं, त्यामुळं तो जास्त वेळा फसतो. एकच पद्धत धरणाऱ्याचा हा एक मोठा फायदा आहे, तिकडं कुणाचं लक्ष जात नाही.

एक गोष्ट पोरांनी समजून घ्यावी. या गेममध्ये दुसऱ्या खेळाडूंच्या गड्यांशी द्वंद्व करता येतं, आणि समोर गावाबाहेरच्या कुणाचं तरी नाव दिसतं. पण तो गडी त्या वेळी तो माणूस चालवत नसतो, संगणक चालवतो. म्हणजे आपण हरलो तर समोर कुणी हसत बसलेलं नाही. इज्जतीचा प्रश्न करून त्याच रात्री पेटी विकत घेण्याचं काहीच कारण नाही.

घरच्यांनी काय बघावं

आई-वडिलांचा पहिला प्रश्न असतो, हा जुगार आहे का? २०२५ साली केंद्र सरकारने ऑनलाइन गेमबद्दल कायदा केला, त्यात पैसे लावून पैसे जिंकण्याच्या गेमवर बंदी घातली. शॅडो फाइटमध्ये जिंकून पैसे मिळत नाहीत, त्यामुळं तो त्या प्रकारात बसत नाही. पण काय निघेल ते माहीत नसताना पैसे देऊन पेटी उघडण्याची चटक लागू शकते, आणि यात गेलेला पैसा परत येणारा नसतो. शेतकऱ्याच्या घरात दुधाचा पगार आणि कांद्याची पट्टी त्याच खात्यावर येते, हे पोराच्या लक्षात असतंच असं नाही.

बऱ्याच घरांत यूपीआयचा पिन पोरांनाच माहीत असतो, कारण वडिलांचं रिचार्ज आणि खताच्या दुकानाचं पेमेंट तीच करून देतात. त्यामुळं पिन आहे म्हणून पैसे सुरक्षित, असं समजू नये. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर किंवा अक्षरावर दाबावं, सेटिंग्जमध्ये जावं आणि प्रत्येक खरेदीच्या वेळी खात्री विचारली जाईल असा पर्याय चालू करावा. त्याच फोटोखाली पैसे देण्याचे कोणकोणते मार्ग जोडलेले आहेत तेही दिसतं. नको असलेलं कार्ड तिथूनच काढून टाकता येतं. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवरूनच पैसे परत मागण्याचा अर्ज करावा. परत मिळतीलच असं नाही, पण उशीर केला तर आशा आणखी कमी होते.

याहून मोठा धोका दुसराच आहे. भिंतीला अडकलेला पोरगा यूट्यूबवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळी शस्त्रं फुकट, नाणी अमर्याद’ असं लिहिलेली एपीके फाइल शोधतो. ती प्ले स्टोअरबाहेरून टाकावी लागते आणि टाकताना मोबाईलची परवानगी मागते. संदेश वाचण्याची परवानगी एकदा दिली की बँकेचे ओटीपी तिसऱ्याच माणसाला दिसू शकतात. ज्या मोबाईलवर बँकेचं ॲप आहे त्यावर अशी फाइल टाकूच नये. पैसे गेल्याचं लक्षात आलं तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावं. पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे पुढं सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता असते. पोराला आधी मारझोड करत बसलं की तेच तास वाया जातात.

मोबाईल जुना असेल तर

शॅडो फाइट ३ ला बऱ्यापैकी मेमरी आणि चालू इंटरनेट लागतं. वस्तीवर रेंज नसेल, किंवा मोबाईल गरम होऊन अडखळत असेल, तर याच कंपनीचा आधीचा ‘शॅडो फाइट २’ बघावा. त्यात लढवय्ये नुसते काळ्या आकृतीचे असल्यामुळं तो हलका आहे. तिथं तीन गटांची भानगड नाही. सुरुवात नुसत्या हातापायांनी होते आणि शस्त्रं एकेक करून मिळत जातात. अंतर मोजायचं कसं आणि कधी थांबायचं हे तिथंही शिकता येतं. नंतर शॅडो फाइट ३ कडं यायचं झालं, तर आधीच्या गेममध्ये लांब शस्त्राने जास्त जिंकत होतो की आखूड शस्त्राने, एवढं आठवावं. लांब शस्त्र आवडणाऱ्याने लीजन किंवा हेराल्ड्स धरावं, आखूड शस्त्राने पटापट मारणाऱ्याने डायनेस्टी.